नदीचे आणि खाडीचे आलेख मुलांना वाचायला कसे शिकवावे?

प्रश्न : मी नागपुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रकल्पासाठी मुलांना नदीच्या पाण्याच्या तपासणीचे आलेख दिले, तर सगळ्यांची उत्तरे एकाच साच्यातली आली : ‘डीओ कमी झाला, म्हणजे प्रदूषण वाढले.’ (डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन.) यापुढे त्यांना कसे न्यावे? खाडीचे आलेखही दाखवायचे आहेत, पण आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. आणि आलेख हाताने काढून घ्यावेत की संगणकावर?

उत्तर :

मॅडम, ‘कमी झाला म्हणजे प्रदूषण वाढले’ हे उत्तर मुलांना आपल्याच धड्यांनी शिकवलेले असते. पर्यावरणाच्या प्रत्येक पाठाचा शेवट प्रदूषणावर होतो, मग आलेखही तिथेच जाऊन थांबतो. मुले आलेख न वाचता निष्कर्षावर उडी मारतात, कारण त्यांच्या दृष्टीने ती कागदावरची एक रेघ असते. मी आधी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते, नंतर बरीच वर्षे महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवले. दोन्हीकडे एकच अनुभव आला : ज्याने नमुन्याची बाटली एकदा तरी भरलेली पाहिली आहे, तो आलेखाला प्रश्न विचारतो. म्हणून माझा आग्रह असा की रेघेकडे जाण्याआधी मुलांना ठिपक्यापाशी थांबवा. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, काही वाजता भरलेली एक बाटली असते.

ही बाटली वर्गात दाखवता येते. विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, मोजण्याची पद्धत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिली. थोड्याफार सुधारणांसह ती आजही वापरात आहे. बाटली काचेची, ३०० मिलिलिटरची, घट्ट बसणाऱ्या बुचाची. ती पाण्याखाली धरून सावकाश भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरला की आकडा बिघडतो. मग काठावरच, वेळ न घालवता, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणे पिपेटने आत सोडायची, बूच लावायचे आणि बाटली काही वेळा उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो.

अंबाझरी तलावाच्या पृष्ठभागाचे पाणी आणि अशोक चौकाजवळच्या पुलावरून बादली सोडून काढलेले नागनदीचे पाणी, अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन आलेल्या पाण्यात साका बहुतेक वेळा पांढरा किंवा अगदी फिकट दिसतो. मुले काही क्षण बोलतच नाहीत. त्यानंतर फळ्यावरच्या आलेखात शून्याजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवले की तो काय सांगतो हे वेगळे समजावावे लागत नाही. मात्र मुलांना नदीत उतरवू नका, पाणी तुम्ही काढा. पुढच्या टप्प्यातले तीव्र सल्फ्युरिक आम्लही तुम्हीच, हातमोजे आणि चष्मा घालून, टाका.

एवढे झाले की कुठल्याही ठिपक्याबद्दल मुलांकडून साधे प्रश्न यायला हवेत : पाणी कुठले, काठाचे की मधले, वरचे की खोलवरचे, किती वाजताचे, पाऊस पडून किती दिवस झाले होते. यातला ‘किती वाजताचे’ हा प्रश्न डीओच्या बाबतीत फार मोलाचा आहे. उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र सगळी सजीवसृष्टी तो वापरते. म्हणून हिरव्या, संथ पाण्यात डीओ दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो. उन्हाळ्यात फुटाळ्यासारख्या तलावात दुपारचा आकडा संपृक्ततेच्याही, म्हणजे त्या तापमानाला पाण्यात जेवढा ऑक्सिजन मावतो त्याच्याही, वर जाऊ शकतो. नमुने घेणारी माणसे कचेरीच्या वेळेत निघतात आणि अकरा-बारा वाजता बाटली भरतात. वर्षभराचे सगळे ठिपके अकरा वाजताचे असतील, तर त्या आलेखात पहाट कुठेच नाही. मासे गुदमरतात ते पहाटे. शिकवायला आलेखात काय नाही हे सांगण्याइतकी चांगली गोष्ट माझ्या पाहण्यात नाही.

आता तापमान. उन्हाळ्यात डीओ उतरलेला दिसला की मुले लगेच कारखान्यांवर येतात. त्यांना आधी हे सांगा : गोड्या पाण्यात २० अंशांना जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. गरम झालेल्या सोड्याच्या बाटलीतला वायू लवकर उडतो, तसेच हे. म्हणजे डिसेंबर ते मे या काळात दीड मिलिग्रॅमचा उतार तर पाणी तापल्यामुळेच येऊ शकतो. मुलांना प्रत्येक ठिपक्याचे ‘त्या तापमानाला जेवढा मावतो त्याच्या किती टक्के’ हे काढायला लावा आणि दुसरा आलेख करून घ्या. पहिल्या आलेखातला उतार दुसऱ्यात टिकला, तर कारण तापमानापलीकडे शोधायचे. टिकला नाही, तर प्रदूषणाची गोष्ट तिथे नव्हतीच.

याच्या नेमके उलट पावसाळ्यात घडते. जुलै-ऑगस्टमध्ये बीओडीचा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणाऱ्या ऑक्सिजनचा, आकडा खाली येतो आणि मुले लिहितात, ‘पावसाळ्यात प्रदूषण कमी होते.’ इथे एक छोटे गणित फळ्यावर घाला. आकडे मी वर्गासाठी रचलेले आहेत. मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच ग्रॅम प्रति घनमीटर. उन्हाळ्यात बीओडी ३० आणि प्रवाह सेकंदाला २ घनमीटर, तर सेकंदाला ६० ग्रॅमचा भार वाहतो. पावसाळ्यात बीओडी १० वर आली, पण प्रवाह २० घनमीटर झाला, तर भार २०० ग्रॅम. पाणी पातळ दिसते, घाण मात्र तिपटीहून जास्त वाहून चालली आहे. नागनदीत उन्हाळ्यात जे वाहते ते जवळजवळ सगळे शहराचेच पाणी असते, म्हणून हा फरक नागपूरच्या मुलांना पटकन पटतो. आणि हो, पहिल्या एक-दोन सरींचा महिना वेगळा ठेवा. उन्हाळाभर नाल्यात आणि रस्त्यावर साचलेले सगळे तेव्हा एकदम नदीत येते, त्यामुळे जूनचा ठिपका कधी मेपेक्षाही वाईट निघतो.

हे शिकवताना एक युक्ती मला सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे. आलेख दाखवण्याआधी फक्त दोन अक्ष काढून द्यायचे, बारा महिने लिहायचे आणि म्हणायचे, ‘अंदाजाने रेघ काढा.’ प्रत्येक जण पेन्सिलने आपली रेघ काढतो. मग खरा आलेख शेजारी ठेवायचा. स्वतःची रेघ जिथे चुकली तिथे मूल आपोआप थांबते आणि ‘असे का?’ हा प्रश्न ते स्वतःच विचारते. आधी आलेख दाखवून ‘निरीक्षणे लिहा’ म्हटले, तर तेच मूल ‘वाढले, कमी झाले, पुन्हा वाढले’ लिहून वही मिटते.

आडव्या अक्षावर नेहमी काळच असतो असे मुलांना वाटते. नदीच्या बाबतीत तिथे अनेकदा अंतर असते. सांडपाणी मिसळल्यावर डीओ घसरतो, तळ गाठतो आणि पुढे हवेतून ऑक्सिजन मिळत गेला की हळूहळू सावरतो. खोलगट खळग्यासारखी ही रेघ स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून समीकरणात बांधली. मुलांच्या हाती ती दिली की ती वाचतात, ‘आधी नदी चांगली होती, मग बिघडली, आता सुधारली.’ यावर भाषण देऊ नका. आलेखाच्या आडव्या अक्षाखाली नदीच्या नकाशाची पट्टी चिकटवा : अंबाझरी, पंचशील चौक, अशोक चौक, पारडी, पुढे पिवळी नदीचा संगम, मग कन्हान. बोट नकाशावरून सरकले की डोळा आलेखावरून सरकतो आणि ‘आधी-नंतर’च्या जागी ‘वर-खाली’, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, हे शब्द येतात. भांडेवाडीचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र त्या पट्टीवर मुलांकडूनच मांडून घ्या. दुसरे ओतणारे नालेही त्यांनाच शोधू द्या.

ठिपके जोडणाऱ्या रेघेबद्दलही बोलायला हवे. महिन्यातून एक नमुना घेतलेला असतो आणि आपण दोन ठिपक्यांमध्ये सरळ रेघ ओढतो. त्या रेघेवरच्या तीस दिवसांबद्दल कुणालाही काही माहीत नसते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुमच्या मुलांना आठवत असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नागनदी काठच्या वस्त्यांत शिरली. आता असा आलेख कल्पा, ज्यात एक नमुना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला आहे आणि दुसरा ऑक्टोबरच्या. त्या दोन ठिपक्यांमधली रेघ शांतपणे सरळ जाईल आणि शहराने पाहिलेला पूर तिच्यात कुठेही दिसणार नाही. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरले होते अशी मुले वर्गात असतील, तर हा मुद्दा त्यांनाच मांडू द्या.

मासिक गुणवत्तेच्या आलेखाशेजारी पुराचा आलेख ठेवला की दोन्ही जास्त स्पष्ट होतात. त्यात पावसाचे स्तंभ वरून खाली लटकवलेले असतात आणि प्रवाहाची रेघ खालून वर चढते. उलटे स्तंभ पाहून मुले गोंधळतात, तेवढे आधी सांगून टाका. मग पावसाचे शिखर आणि पाण्याचे शिखर यांमधला वेळ पट्टीने मोजायला लावा. सिमेंटने झाकलेल्या शहरातली छोटी नदी थोड्याच वेळात चढते, तर वैनगंगेसारख्या मोठ्या खोऱ्यात तोच वेळ कितीतरी लांबतो.

मानकाच्या रेघेचा मोह आवरा. नदीत स्नानासाठीच्या निकषात डीओ किमान ५ आणि बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. या रेघा आलेखावर जरूर ओढा, पण ४.९ ‘नापास’ आणि ५.१ ‘पास’ असे मुलांना लिहू देऊ नका. एकाच पाण्याच्या दोन बाटल्यांत एवढा फरक सहज पडतो. शेजारशेजारच्या दोन गटांना एकाच बादलीतल्या पाण्याची चाचणी करायला लावली की हे दिसते. परदेशी पुस्तकातला बीओडीचा आलेख वापरत असाल तर आणखी एक खबरदारी : आपल्याकडे बीओडी २७ अंशांना ३ दिवस ठेवून मोजतात, तिकडे बहुधा २० अंशांना ५ दिवस.

मलजन्य कोलिफॉर्मचे, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंचे, आलेख हा वेगळाच प्रकार. इथे उभा अक्ष दहापटीने चढतो : ५००, ५ हजार, ५० हजार, ५ लाख, सगळे सारख्या अंतरावर. मुलांना वाटते, चार पायऱ्या चढल्या, फार काही नाही. फळ्याच्या कडेला कागदाची पट्टी लावा आणि ५०० म्हणजे १ मिलिमीटर असे ठरवा. मग ५ हजार १ सेंटिमीटरवर, ५० हजार १० सेंटिमीटरवर आणि ५ लाख पूर्ण १ मीटरवर येतात. स्नानासाठी इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरमध्ये ५००, म्हणजे त्या पट्टीवर नखाएवढीही नाही. दहापटीचा अक्ष का वापरावा लागतो आणि तो डोळ्यांना कसा फसवतो, या दोन्ही गोष्टी एका पट्टीत होतात.

केंद्रीय किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे तक्ते वापरताना ‘बीडीएल’ अशी नोंद दिसेल. उपकरणाला सापडेल त्याहून कमी, असा तिचा अर्थ. तिथे शून्य लिहायचे नाही. तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीसाठीही नाही. नमुना घेतलाच नाही आणि नमुन्यात काही सापडले नाही, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुलांनी पहिल्यासाठी जागा मोकळी सोडावी, दुसऱ्यासाठी पोकळ ठिपका काढावा.

आता खाडी. समुद्र पाहिलेला नसला तरी आपले पाणी समुद्राला जाते, तिथूनच सुरुवात करा. नकाशावर बोट फिरवा : नागनदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, पुढे गोसीखुर्दचे धरण, मग वर्धा येऊन मिळते आणि प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, धवळेश्वरमच्या खाली गोदावरीच्या शाखा फुटतात आणि गौतमी यानमजवळून बंगालच्या उपसागराला मिळते. त्या नदीमुखाच्या आलेखात थोडा हिस्सा नागपूरचाही आहे.

खाडीच्या आलेखात नदीपेक्षा एकच गोष्ट नवी असते, पण ती सगळे बदलते : पाणी दोन्ही दिशांनी वाहते. समुद्राच्या पाण्यात किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, नदीच्या पाण्यात जवळजवळ नाहीत. भरतीला खारे पाणी आत येते, ओहोटीला गोडे पाणी बाहेर जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, हे वर्गातल्या भिंतीवर खडूने दाखवा. चोवीस तासांच्या क्षारतेच्या आलेखात दोन डोंगर आणि दोन दऱ्या दिसतात. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे असतात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटे उशिरा येते.

हे ५० मिनिटे म्हणजे आलेख शिकवणाऱ्याच्या हाती आलेली उत्तम संधी आहे. समजा कुणी महिनाभर रोज सकाळी बरोबर दहा वाजता क्षारता मोजली. पहिल्या दिवशी दहाला भरती असेल, तर साधारण आठवड्याने दहाला ओहोटी असेल आणि पंधराव्या दिवसाच्या आसपास पुन्हा भरती. महिन्याच्या आलेखात पंधरवड्याची देखणी लाट उमटेल. मुले म्हणतील, खाडीचे पाणी पंधरवड्याने खारट-गोड होते. खरे तर ते दर सहा तासांनी होत होते. मुलांनी कागदावर भरतीच्या वेळा ५०-५० मिनिटांनी सरकवत लिहाव्यात आणि त्यातून फक्त दहाचे आकडे निवडून आलेख काढावा. खोटी लाट त्यांच्याच हातून तयार होते आणि मोजण्याची वेळ आलेखाला कसा आकार देते हे पुन्हा सांगावे लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीचा पंधरवडाही खरा असतो, म्हणून या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

ऋतूंची गोष्ट तुलनेने सोपी. पावसाळ्यात नदीचा लोंढा एवढा असतो की नदीमुख जवळजवळ गोडे होते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की खारे पाणी आत सरकते. खारे पाणी जड असल्याने ते तळाने आत घुसते, वर गोडे पाणी तरंगते. म्हणून खोलीचा आलेख उभा अक्ष खाली वाढत जाणारा काढतात. मुलांना सांगा, आलेखाच्या वरच्या कडेला होडी बसली आहे असे समजून तिथून खाली वाचत या.

मुलांची तयारी चांगली असेल तर एक प्रयोग करा, मला तो सर्वांत आवडतो. एका भांड्यात साध्या पाण्यात निळी शाई टाका, ही ‘नदी’. दुसऱ्यात लिटरला ५ ग्रॅम मीठ, हा ‘समुद्र’. खऱ्या समुद्राएवढे मीठ टाकू नका, घरगुती टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) बहुधा लिटरला १० हजार मिलिग्रॅमच्या पुढे वाचत नाही. दोन्ही पाणी वेगवेगळ्या प्रमाणात पाच ग्लासांत मिसळा. आडव्या अक्षावर टीडीएस घ्या, उभ्या अक्षावर शाईचे प्रमाण. ठिपके एका सरळ रेघेवर येतात. मग एका मधल्या ग्लासात गुपचूप शाईचे चार थेंब जास्त टाका. तो ठिपका रेघेच्या वर उडतो. खऱ्या खाडीत नायट्रेटचे असेच करतात : ठिपके रेघेवर असतील तर फक्त मिसळण झाली, वर असतील तर वाटेत कुणीतरी भर घातली, खाली असतील तर वाटेत शेवाळाने किंवा सूक्ष्मजीवांनी ते वापरले. या आलेखात ना काळ आहे ना अंतर, तरी मधल्या वाटेवर काय झाले ते कळते. मुलांना ही गोष्ट अद्भुत वाटते आणि ती आहेच.

‘डीओ कमी झाला, म्हणजे प्रदूषण वाढले’ या उत्तराच्या जागी तुम्हाला काय अपेक्षित आहे, तेही लिहून दाखवा. उदाहरणार्थ : ‘अंबाझरीपासून अशोक चौकापर्यंत डीओ घसरला. सगळे नमुने एकाच सकाळचे असल्याने तापमानातला फरक थोडा असावा. मध्ये नाले मिळतात, म्हणून सांडपाणी हे कारण संभवते. खात्रीसाठी नाल्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक नमुना हवा.’ शेवटच्या वाक्याला मी स्वतंत्र गुण देत असे. पुढचा नमुना कुठे घ्यायचा हे ज्याला सांगता येते, त्याने आलेख वाचलेला असतो.

हाताने की संगणकावर? पहिले दोन-तीन आलेख हातानेच, आलेखपत्रावर. अक्षाचे माप ठरवताना मुलांना आकड्यांचा पसारा कळतो, तो संगणकावर कळत नाही. नंतर एक्सेल जरूर वापरा, पण ‘लाइन’ऐवजी ‘स्कॅटर’ प्रकार निवडा, नाहीतर ३ जून, २० जून आणि २८ ऑगस्ट हे ठिपके कधी कधी सारख्या अंतरावर बसतात. गुळगुळीत रेघेचा पर्याय बंद ठेवा. ती रेघ ठिपक्यांमध्ये नसलेले उंचवटे काढते, आणि शून्याजवळच्या दोन ठिपक्यांत तर डीओ शून्याखाली गेलेलाही दाखवते. आलेखाखाली नमुन्याचे ठिकाण, वेळ आणि शेवटच्या पावसाची तारीख ही ओळ हवीच. मंडळाच्या तक्त्यात वेळ दिलेली नसेल, तर ‘वेळ नोंदलेली नाही’ असे मुलांनी तिथे स्वतः लिहावे.